‘टी. बी. झाला होता म्हणे’

आमच्या सांगलीच्या गल्लीत एक ट्रक ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. द्राक्षं घेऊन मुंबईला जायचे. १९९८ साली ते गेले. ‘टी. बी. झाला होता म्हणे’ असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभरात सासूने वहिनींचं ताट-वाटी वेगळं केलं, मग त्यांना माहेरी धाडलं. नवऱ्याकडून आलेला रोग, पण बोल लागला तो हिच्या पायगुणाला!

जाण्याआधी त्या आमच्याकडे चहाला आल्या होत्या. नंतर आईने तो कप मला टाकून यायला सांगितला. मी अठरा वर्षांचा, बायॉलॉजीत चांगले मार्क मिळवलेला. निमूट टाकून आलो.

इकडे मास्टर्स करायला आलो तेव्हा लॅबमधला एक सहकारी जेवणाच्या टेबलावर सर्वांदेखत एच.आय.व्ही.ची गोळी घ्यायचा. माझाच घास अडकायचा. पण मंडळी, जर्मनीतही हे आपोआप झालेलं नाही. १९८७ साली बव्हेरिया सरकारने सरकारी नोकरीच्या उमेदवारांची आणि कित्येक परदेशी लोकांची सक्तीची तपासणी सुरू केली होती. केंद्रातल्या आरोग्यमंत्री रिटा झ्युसमुथ मात्र अडून बसल्या: सक्ती नको, माहिती द्या. मग टी.व्ही.वर ती सुपरमार्केटची जाहिरात आली. गिऱ्हाईक लाजून चूर, आणि कॅशियरबाई कंडोमची किंमत दुकानभर ओरडून विचारतेय! आपल्या दूरदर्शनवर तेव्हा हे कोणी दाखवलं असतं?

आणि गंमत बघा, आमच्या सांगलीतही कोणीतरी हेच करत होतं. मीना शेषू यांची ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून तिथे काम करते. गोकुळनगरच्या बायकाच एकमेकींना कंडोम वाटायच्या, समजावायच्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभारली. तिकडून जायची वेळ आली की आम्ही सायकल दुसऱ्या रस्त्याने काढायचो. शहाणपण तिकडे होतं, आणि कप आमच्या घरातून फेकले जात होते.

एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीची औषधं मोफत मिळू लागली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. वेळेवर सुरू केली तर माणूस इतरांसारखंच आयुष्य जगतो, विषाणू रक्तात सापडेनासा झाला की जोडीदारालाही लागण होत नाही.

वहिनी त्या औषधांपर्यंत पोचल्या का, हे मागच्या सुट्टीत गल्लीत विचारलं. कोणालाच सांगता येईना. त्यांचं माहेर कुठलं, तेही आईला आठवत नव्हतं.