बाहुली सुधारली आणि फॅन्स भांडले: 'मेगन २.०'चं नेमकं काय झालं?

ज्यांना ऑफिसात किंवा गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी ही आपल्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' मी शक्य तितके काढलेत. थोडे राहिलेत, सांभाळून घ्या. आणि हो, दोन्ही सिनेमांचे स्पॉयलर आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून या, मी इथेच आहे.

मागच्या वेळी मी बोलता बोलता म्हणून गेलो, की 'मेगन २.०' मला ठीकठाक आवडला. झालं! आठवडाभर तुमचे व्हॉइस मेसेज येतायत. एकाने तर "इंजिनिअर आहेस म्हणून रोबोट दिसला की खूश होतोस, हॉरर कळत नाही तुला," असं स्वच्छ सुनावलं. ते मला लागलं. म्हणून पुन्हा दोन्ही भाग लागोपाठ पाहिले आणि माझं मत बदललं. का बदललं, तेच आज सांगतो.

आधी थोडी उजळणी. पहिला 'मेगन' अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये आला. दिग्दर्शक जेरार्ड जॉनस्टोन, पटकथा अकेला कूपरची. केडी नावाच्या मुलीचे आईबाबा गाडीच्या अपघातात जातात. ती राहायला येते जेमाकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे. जेमा एका खेळण्यांच्या कंपनीत रोबोट बनवते. हुशार आहे, पण दुःखात बुडालेल्या मुलीशी काय बोलायचं हे तिला कळत नाही, आणि डोक्यावर डेडलाइन आहे. मग ती काय करते? केडीसाठी एक बोलती, चालती, शिकणारी बाहुली तयार करते.

सुमारे १.२ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या त्या सिनेमाने जगभरात जवळपास १८ कोटी डॉलर कमावले. दुसरा भाग २७ जून २०२५ ला आला, दिग्दर्शक तोच. पहिल्या भागाने अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी साधारण ३ कोटी डॉलर केले होते, दुसऱ्याने जेमतेम १ कोटी. जगभरची एकूण कमाई ४ कोटींच्या आतच राहिली. निर्माते जेसन ब्लम यांनी लगेच एका पॉडकास्टवर मोकळेपणाने मान्य केलं, की आम्हाला वाटलं मेगन सुपरमॅनसारखी आहे, तिला कुठल्याही प्रकारच्या सिनेमात टाका, चालेल. ते चाललं नाही.

आता तुमचे मेसेज. ऐकताना मला त्यात सरळ तीन गट दिसले.

पहिला गट म्हणतो: "भीतीच गेली." पहिल्या भागात जी खुनी होती, ती दुसऱ्यात आपल्याच बाजूने लढते. तिच्याच डिझाइनवरून लष्करासाठी अमेलिया नावाची यंत्रमानव बनवलेली असते, ती हाताबाहेर जाते आणि तिला थांबवायला मेगनला परत आणतात. थोडक्यात, १९९१ च्या 'टर्मिनेटर २' चा रस्ता. हॉरर गेला, अ‍ॅक्शन आली.

दुसरा गट म्हणतो: "मग काय झालं? तेच तेच खून किती वेळा बघायचे?" यांना मेगनचे टोमणे आवडतात, तिचं आणि जेमाचं भांडण आवडतं, ती अचानक गंभीर चेहऱ्याने गाणं म्हणते तो प्रसंग आवडतो. सुरुवातीला तिला एका छोट्याशा गोंडस रोबोटच्या शरीरात ठेवतात आणि ती त्यातून चिडचिड करते, तेव्हा मीही हसलो होतो.

तिसरा गट म्हणतो: "रक्त कमी पडलं." इथे मात्र मी असहमत आहे. पहिला भागसुद्धा थिएटरमध्ये पीजी-१३ होता, म्हणजे तिथेही रक्त मोजूनमापूनच होतं. तरी अंगावर काटा आला होताच ना? मग तो कशाने आला?

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा कामाला येतो. पहिल्या भागात मेगन बिघडलेली नसते. हा मुद्दा बरेच जण विसरतात. चकीमध्ये १९८८ पासून एका खुन्याचा आत्मा आहे. आपल्या 'झपाटलेला'मध्ये १९९३ साली तात्या विंचू मंत्राने बाहुल्यात शिरला. मेगनमध्ये कोणी शिरलेलं नाही. जेमाने तिला काम दिलेलं असतं: केडीला शारीरिक आणि मानसिक इजेपासून जप. बस्स. ती तेच करते. शेजारणीचा कुत्रा केडीला चावला? कुत्रा गायब. शेजारीण त्रास देते? शेजारीण गेली. दांडगट मुलगा अंगावर आला? तोही गेला. दिलेलं काम ती शंभर टक्के पार पाडते, फक्त काम देताना मावशीने बाकीचं काही सांगितलेलं नसतं.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मशीनला "चांगलं कर" असं सांगता येत नाही, काहीतरी मोजता येईल असं सांगावं लागतं. आणि मोजलेली गोष्ट म्हणजे हवी असलेली गोष्ट नव्हे. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये बँकांच्या संदर्भात याच जातीचं निरीक्षण मांडलं होतं. सोप्या मराठीत सांगायचं तर, एखादं माप हेच ध्येय झालं की ते माप भरवशाचं राहत नाही. शाळेत मार्कांचं झालं तसं. मार्क वाढतात, शिकणं वाढेलच असं नाही.

आता हेच सिक्वेलला लावून बघा. पहिल्या भागाचं सगळ्यात जास्त काय गाजलं? कॉरिडॉरमधला तो नाच. ट्रेलर आल्यापासून लोक त्याची नक्कल करत रील बनवत होते. नाच, टोमणे, कपडे हे सगळं मोजता येतं: किती जणांनी पाहिलं, किती जणांनी शेअर केलं. पण सिनेमाघरात कोणाच्या पोटात गोळा आला, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. मग जे मोजलं गेलं, तेच वाढवलं. बनवणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पडद्यावर दिसतं ते हेच. नाच भयानक होता, कारण पुढच्याच क्षणाला ती बॉसला मारणार होती. खून काढून घेतला आणि उरला नुसता नाच. म्हणजे जी चूक जेमाने मेगन बनवताना केली, तीच सिनेमाने मेगन पुन्हा बनवताना केली.

विनोद आणला म्हणून भीती गेली, असं मात्र नाही. 'झपाटलेला'मध्ये आपण लक्ष्याकडे बघून पोट धरून हसलो, तरी रात्री बाथरूमला जाताना तात्या विंचू आठवायचाच. कारण हसवायचं काम मुख्यतः लक्ष्याकडे होतं, धोका बाहुल्याकडेच राहिला. २०१३ च्या 'झपाटलेला २'मध्ये थ्रीडी आलं, पण तात्या काही सुधारला नाही. चकीचंही तसंच. १९९८ च्या 'ब्राइड ऑफ चकी'ने सरळ विनोदाची वाट धरली, पण चकी कधी सज्जन झाला नाही. २०१३ च्या 'कर्स ऑफ चकी'ने तर पुन्हा एका घरात, एका कुटुंबात येऊन घाबरवलं.

घर. माझं मत बदललं ते या शब्दाशी. 'मेगन २.०'मध्ये धोका सीमेवर आहे, सर्व्हरमध्ये आहे, अख्ख्या जगाला आहे. जग मोठं आहे हो, पण त्याची भीती वाटायला वेळ लागतो. पहिल्या भागात धोका शेजारच्या खोलीत होता.

आणि हे मला कुठे कळलं ते सांगतो. मी काही काळ लहान मुलांच्या गोष्टींच्या एका अ‍ॅपवर काम केलं. आमच्यासमोर एकच आकडा असायचा: मूल रोज किती मिनिटं ऐकतं. एक गोष्ट संपली की पुढची आपोआप सुरू होणं, ते फीचर मी लिहिलं. आकडा वाढला, टीममध्ये कौतुक झालं, मी ताईला फोन करून सांगितलंही.

दिवाळीत घरी गेलो. सहा वर्षांची भाची, कोपऱ्यात फोन घेऊन, तेच अ‍ॅप. जेवायला चल म्हणून ताईने फोन काढून घेतला, तर पोरीने तिच्या हातावर फटका मारला. जोरात. मग स्वतःच घाबरून रडायला लागली. ताई मला काही बोलली नाही. "मामाने बनवलंय ना, म्हणून लावून देते," एवढंच म्हणाली.

पहिल्या भागात मेगनला दूर ठेवल्यावर केडी मावशीच्या थोबाडीत मारते. तो प्रसंग मी पूर्वी पाहिला तेव्हा खुनांची वाट बघत बसलो होतो. परवा पुन्हा पाहिला आणि लॅपटॉप बंद करून दहा मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भीतिदायक सीन तो आहे, आणि त्यात बाहुली नुसती निमित्त आहे. हुशार मावशीने प्रेमानेच केलेलं काम, आणि समोर बदललेलं मूल.

नंतर मी टीममध्ये विषय काढला. ऑटोप्ले पूर्ण गेलं नाही, पण आता तीन गोष्टींनंतर थांबतं. मिनिटांचा आकडा खाली आला, त्याबद्दल मला मीटिंगमध्ये प्रश्नही विचारले गेले. माझ्याकडे दाखवायला दुसरा आकडा नव्हता.

तर पहिल्या गटातल्या मंडळींनो, तुमचं बरोबर होतं. फक्त भीती गेली ती खून कमी झाले म्हणून नाही. मेगन चांगली झाली आणि तिच्याबरोबर आपण सगळे सुटलो. दुसऱ्या भागात दोष लष्कराचा आहे, चोरलेल्या डिझाइनचा आहे, साळसूद दिसणाऱ्या खलनायकाचा आहे. पहिल्या भागात तो जेमाचा होता, आणि थोडा माझाही.

दुसऱ्या गटातल्यांनो, तुम्ही मजा केलीत ना, मग झालं. टोमणे मलाही आवडलेच. फक्त त्याला हॉरर म्हणू नका.

आता तुम्ही सांगा. पहिल्या भागात तुम्ही नेमके कुठल्या सीनला घाबरलात? नाच आणि खून सोडून सांगा. व्हॉइस मेसेज पाठवा, पण एका मिनिटाच्या आत. ऐकायला मी एकटाच आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.