चारबागपर्यंत आठ स्थानके. पायथॉनचे उत्तर मात्र एक

लखनौ : लखनौ मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. ट्रान्सपोर्ट नगर ते चारबाग या मार्गावर तेव्हा आठ स्थानके होती. ती पायथॉन या संगणकीय भाषेत मोजायची झाल्यास व्हेरिएबल आणि लूप या दोनच संकल्पना पुरतात. नवशिके अडखळतात तेही बहुधा इथेच.

सुरुवात ‘थांबे = 0’ या ओळीने होते. ही ओळ पायथॉनला जशीच्या तशी चालते. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येते. आज्ञाशब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

पुढची ओळ ‘थांबे = थांबे + 1’. बीजगणिताच्या वहीत हे विधान चूक ठरेल, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. पायथॉनमध्ये मात्र ‘=’ हे चिन्ह समानता सांगत नाही, ते आज्ञा देते. आधी उजव्या बाजूचे उत्तर काढायचे आणि मग ते डावीकडील नावाला द्यायचे. जुने मूल्य त्या नावाकडे उरत नाही. समानता तपासण्यासाठी ‘==’ असे दुहेरी चिन्ह आहे.

‘फॉर’ लूप यादीतील नावे क्रमाने ‘स्थानक’ या दुसऱ्या व्हेरिएबलला देतो: ट्रान्सपोर्ट नगर, कृष्णा नगर, सिंगार नगर, आलमबाग, आलमबाग बस स्थानक, मवैया, दुर्गापुरी, चारबाग. दर फेरीत ‘थांबे’ एकने वाढते आणि अखेरीस 8 होते.

आता ‘थांबे = 0’ ही ओळ चुकून लूपच्या आत गेली, तर प्रत्येक फेरी मोजणी पुसून टाकते आणि उत्तर 1 येते. लूपमध्ये आणखी एखादी ओळ असेल आणि वाढीची ओळ डावीकडे सरकून लूपबाहेर पडली, तरीही 1 येते, कारण पायथॉनमध्ये ओळीपूर्वीची मोकळी जागाच ती लूपच्या आत आहे की बाहेर हे ठरवते. दोन्ही वेळा संगणक चुकीचा कोणताही संदेश देत नाही. अशी चूक शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक फेरीत ‘थांबे’चे मूल्य पडद्यावर छापून पाहणे.

विमानतळ ते मुन्शीपुलिया ही संपूर्ण मार्गिका ८ मार्च २०१९ रोजी सुरू झाली आणि स्थानके २१ झाली. यादी वाढवली की उत्तर 21 येते. लूपमधील एकही अक्षर बदलावे लागत नाही. मात्र लूप संपल्यावर ‘स्थानक’मध्ये शेवटचे नाव टिकून राहते. पूर्वी ते चारबाग होते, आता मुन्शीपुलिया असेल.