पंचेचाळीस मिनिटांची साडेसाती

कन्हानच्या रेल्वे फाटकाशी उभं राहून कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी मोजणं हा आमचा लहानपणीचा फुकटातला खेळ. बहुतेक वेळा आकडा अठ्ठावन्नवर यायचा, आणि नाही आला तर आपलंच चुकलं असं धरायचं. एक वाघीण पावणेअकरा मीटरच्या आसपास, म्हणजे अख्खी गाडी सव्वासहाशे मीटर. हा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी केला, आणि तोही एका कॅसेटपायी.

साठ मिनिटांच्या कॅसेटमधली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. एका बाजूची तीस मिनिटं म्हणजे १,८०० सेकंद. गुणाकार केला की जवळजवळ ८६ मीटर येतात. तळहाताएवढ्या डबीत आठ वाघिणींच्या लांबीची फीत गुंडाळलेली! रुंदी चार मिलिमीटरलाही कमी, जाडी केसापेक्षा कमी. दुसरी बाजू लावली की तीच फीत उलट दिशेने जाते. म्हणजे एकदा पूर्ण ऐकायचं तर वाचणाऱ्या हेडसमोरून १७१ मीटर फीत जाते.

ती कॅसेट ‘गारवा’ची होती. दादाने ती कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेली, वर निळ्या पेनाने नाव लिहिलेलं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मिलिंद इंगळे यांनी चाली देऊन गायलेला आणि सौमित्र, म्हणजे किशोर कदम यांनी लिहिलेला हा अल्बम. गाणारा आणि लिहिणारा वेगवेगळे असले तरी ऐकताना ते एकाच माणसाचं मन वाटतं. गाण्याआधी सौमित्र आपल्याच आवाजात कविता म्हणतो, मग पाऊस, मग गाणं. मराठी पॉप म्हटलं की तोवर आम्हाला लग्नातली नाचाची गाणी आठवायची. इथे कोणी नाचत नव्हतं. बाबा सेकंड शिफ्ट करून खाणीतून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, “काऊन बे, कोणाच्या घरी काही झालं का?”

दादाने तो पावसाळा रोज एकदा ती कॅसेट लावली. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. १७१ मीटरने गुणलं तर एकवीस किलोमीटरला जरा कमी. इथून नागपूर स्टेशन रेल्वेने साधारण वीस. म्हणजे त्या पावसाळ्यात दादा आमच्या खोलीतून न हलता, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने, उदास होत होत नागपूरला पोचून थोडा पुढेही गेला.

अशा अल्बमचे श्रोते किती, हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. नाचाचं गाणं हजार जण एकदा ऐकतात. उदास गाणं एकच जण हजारदा ऐकतो, तेही दार लावून. पोथीची असतात तशी त्याची पारायणं होतात, आणि पारायणांची नोंद कोण ठेवणार? विकलेल्या कॅसेटींचा आकडा कंपनीकडे असेल. भरून आणलेल्या कॅसेटींचा कोणाकडेच नाही, आणि आमच्याकडे तर मुळात विकत घेतलेली नव्हतीच.

पावसात विरहाने कासावीस होण्याची परंपरा आमच्या भागात जुनी आहे. कन्हानहून एक फाटा रामटेकला जातो. कालिदासाच्या ‘मेघदूता’तली रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. वर्षभराच्या शिक्षेतले आठ महिने सरलेले, चार उरलेले, आणि यक्ष ढगाला निरोप सांगतोय. टीकाकार वल्लभदेवाच्या पाठात श्लोक १११. मंदाक्रांता वृत्ताच्या एका श्लोकात चार ओळी, ओळीत सतरा अक्षरं, म्हणजे ६८. सगळी मिळून ७,५४८ अक्षरं. एका विरहाला एवढी पुरली.

निरोप पोचवायचा ती यक्षाची नगरी अलका कैलासाजवळ धरली तर रामटेकहून सरळ रेषेत अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास. कालिदास ढगाला वाट वाकडी करून उज्जैन दाखवायला नेतो, ते सोडा. यक्षाने ढगाची मिनतवारी न करता नुसती हाक मारली असती, आणि ती वाटेत विरली नसती, तर ध्वनीच्या वेगाने तिला अलकेला पोचायला त्रेपन्न-चोपन्न मिनिटं लागली असती. साधारण एका अल्बमएवढा वेळ.

आता फितीवरून सीडीवर या. सीडीवर आवाज आकड्यांत ठेवलेला असतो. एका सेकंदासाठी ४४,१०० आकडे, डाव्या-उजव्या कानाचे धरून ८८,२००. गायक दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो, तेवढ्यातच हजारो आकडे खर्च होतात. पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम धरला तर २३ कोटी ८१ लाख ४० हजार. सेकंदाला एक या गतीने, न झोपता, न जेवता ते मोजायला बसलात तर किती वेळ लागेल? मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. साडेसात वर्षं! शनिमहाराजांनाही उदासीचा हाच कालावधी बरोबर वाटला होता.

मोबाइलवर गाणी आल्यापासून प्रत्येक ऐकणं मोजलं जातं, आणि आकडे बघून धडकी भरते. ल्युमिनेट ही कंपनी जगभरच्या ऐकण्याचा हिशेब ठेवते. तिच्या २०२३च्या अहवालात १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणं होती. त्यांतली १५ कोटी ८६ लाख वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली. ४ कोटी ५६ लाख एकदाही नाही. गाणाऱ्याच्या आईनेसुद्धा लावून पाहिलं नाही म्हणायचं. रोज लाखाहून अधिक नवी गाणी येत होती. गाणं तीन मिनिटांचं धरलं तर एका दिवसाची आवक ऐकून संपवायला सात महिने लागतील, तेही डोळ्याला डोळा न लावता. स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला की वर्षात हजारदा न वाजलेल्या गाण्याला पैसे नाहीत. दादाने एकट्याने १२२ वेळा वाजवलं होतं. असे नऊ दादा मिळाले की उंबरठा ओलांडला.

पण आकडा लहान आला म्हणून गाणं मेलं असं होत नाही. इंग्लंडच्या निक ड्रेकचा ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ हा पहिला अल्बम १९६९ साली आला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. स्वतः लिहिलेली, हळू आवाजातली, खिन्न गाणी. १९७४ साली, सव्वीस वर्षांचा असताना तो गेला. तोवर त्याचे तीन अल्बम निघाले होते आणि एकही पाच हजार प्रतींच्या पुढे गेला नव्हता. वेष्टनासकट एक तबकडी पाव किलोची धरा, पाच हजारांचं वजन सव्वा टन. आमच्या फाटकावरून जाणाऱ्या एका वाघिणीत साठेक टन कोळसा मावतो. निक ड्रेकचा पहिला अल्बम तिच्या एका कोपऱ्यात पडून राहिला असता. २००० सालच्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं एक गाणं वाजलं, आणि तो गेला तेव्हा जन्मलेही नव्हते असे लोक दुकानात जाऊन त्याचं नाव विचारू लागले.

आमची कॅसेट पुढच्या वर्षी टेपरेकॉर्डरने खाल्ली. फीत बाहेर येऊन चुरगळली, दादाने ती चाकात पेन्सिल घालून परत गुंडाळली. त्या झटापटीत दुसऱ्या गाण्याच्या मधलं वीतभर ताणलं गेलं. वीतभर म्हणजे जेमतेम पाच सेकंद. तेवढ्यापुरता आवाज लांबट व्हायचा, जणू गाणाऱ्याचा गळा भरून आला. पुढे ती अडकायलाच लागली, तेव्हा दादाने सगळी फीत उपसून रुळांकडच्या बाभळीवर भिरकावली. बरेच दिवस ती तिथे चमकत होती, गाडी गेली की फडफडायची.

तेच गाणं आता फोनवर स्वच्छ वाजतं. ती जागा आली की मी आवाज लांबट व्हायची वाट बघतो.