मोकळा खिळा

जोडाघरात सगळा हिशेब खिळ्याचा. प्रत्येक खणाखाली एक खिळा, त्यावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला. बिल्ला लटकतोय म्हणजे खण रिकामा. चपला आत ठेवायच्या, बिल्ला काढून समोरच्याच्या हातात द्यायचा. खिळा मोकळा, म्हणजे खण भरला. समजायला अर्धं मिनिट लागतं. पण रविवारी संध्याकाळी समोर चाळीस माणसं एकदम उभी राहिली की हात अडखळतात.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका सिंधी दरबारात मी बदलापूरहून गेलो होतो तो, खोटं कशाला बोलू, लंगरातल्या जेवणासाठी. सोबतचे शेजारी आल्याआल्या भाजी चिरायला बसले. मला म्हणाले, "तुम्ही जोड्यांवर थांबा." माझ्याच चपला आधी एका खणात टाकल्या, बिल्ला खिशात घातला आणि उभा राहिलो.

तिथं सत्तरीचे एक काका होते. कपड्यांचं दुकान त्यांचं, दिवसभर गल्ल्यावर. मी एक चप्पल पायाने सरकवली तशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पायाने नाही. हाताने घ्या, दोन्ही." मग स्वतः दाखवलं. जोड उचलायचा, तळवे एकमेकांवर न आपटता झटकायचा, फडक्याने वरची धूळ पुसायची, टाचा बाहेर ठेवायच्या म्हणजे काढताना पकड येते. लहान पोरांचे बूट बापाच्या बुटात कोंबायचे. घराचा एकच बिल्ला. पावसाळ्यात खाली गोणपाट. चिखलाच्या बुटांना ते जास्त वेळ देत. मला मात्र त्यांचा कंटाळा येत होता.

काकांचे वडील फाळणीनंतर इथल्या बराकीत आले. कल्याणची लष्करी छावणी ती. निर्वासितांनी भरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं. लष्कर गेलं, पण 'कॅम्प' हा शब्द पत्त्यात राहिला. त्या दिवसांबद्दल काका फार बोलत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "रांगेत उभं राहायचं काय असतं, वडिलांना माहीत होतं," आणि पुढचा जोड घेतला.

मी एका बाईंना दुसऱ्याच कुणाच्या सँडल दिल्या. त्या दारापर्यंत जाऊन हसत परत आल्या. काकांनीच माफी मागितली.

इथं सेवेचा गाजावाजा नाही. आमच्या भागात मात्र केळी वाटली तरी चौकात बॅनर लागतो, वाटणाऱ्याचा फोटो केळ्यांपेक्षा मोठा. अर्थात सगळेच तसे नाहीत. 26 जुलै 2019च्या रात्री बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ आणि नौदल बोटी घेऊन पोचलं. आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. त्यांची नावं तेव्हाही कुणी विचारली नाहीत. जोडाघराच्या भिंतीवरही नावांची पाटी नाही. मी मुद्दाम पाहिलं.

दीड तासाने कंबर धरली. जेवलो, डाळ-भात, भाजी आणि गोड बुंदी. गर्दी ओसरली होती. माझ्या चपला मीच खणातून काढल्या. त्या पुसलेल्या होत्या. केव्हा पुसल्या, कळलं नाही.

विठ्ठलवाडीला लोकलमध्ये बसलो आणि सुट्टे पैसे काढताना खिशात पत्रा लागला. नंबर 112. तिकडे आता एक खिळा मोकळा आहे आणि खणही. रविवारी परत द्यायला जायचं आहे.