वखारीतील शेजार

मनुष्याच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू असतात. काही नित्य लागणाऱ्या, आणि काही टाकवत नाहीत म्हणून राहिलेल्या. वाड्यांच्या काळी ह्या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंना माळा, बळद आणि अडगळीची खोली अशी हक्काची स्थाने होती. आजच्या सदनिकेत माळा नाही, बळद नाही. आणि अडगळीच्या खोलीस तर जागाच उरलेली नाही. त्यातच जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला म्हणजे कुटुंबास काही वर्षे भाड्याच्या लहानशा जागेत काढावी लागतात. मग आजीची पेटी, आजोबांचे लिहावयाचे मेज, तांब्यापितळेची भांडी, पुस्तकांचे गठ्ठे ह्यांना आश्रय कोठे द्यावा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे एक उत्तर म्हणून मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांतून ‘सेल्फ स्टोरेज’ नावाच्या भाड्याच्या वखारी निघाल्या आहेत.

अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात ह्या पद्धतीचा प्रसार होऊ लागला. एका मोठ्या इमारतीत पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या आडभिंती घालून लहानमोठ्या खोल्या करावयाच्या, आणि त्या महिन्याच्या भाड्याने द्यावयाच्या. कुलूप ज्याचे त्याचे, किल्लीही ज्याची त्याची. ह्या व्यवस्थेत गृहस्थास मोठा निर्धास्तपणा वाटतो. परंतु जे कुलूप चोरास आत येऊ देत नाही, तेच पाहणी करणारासही आत येऊ देत नाही. घरात काही करपले तर कोणाच्या ना कोणाच्या नाकास वास येतो. वखारीत रात्रंदिवस कोणीच राहत नसल्यामुळे धूर भिंतीपलीकडे जाईतो कोणास पत्ता लागत नाही. शेजारच्या खोलीत काय आहे हे आपणांस ठाऊक नाही, आणि आपल्या खोलीत काय आहे हे शेजाऱ्यास ठाऊक नाही. वखारीतील धोक्याचे मूळ ह्या परस्परांच्या अज्ञानात आहे.

साठवलेला माल निजलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुंबई शहराने ह्या समजुतीची किंमत दोन वेळा मोजली आहे. 1896 साली मांडवी भागात, जेथे बंदरालगत धान्याची गोदामे दाटीने उभी होती, तेथे प्रथम उंदीर मरू लागले आणि मागोमाग माणसे. त्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी हा रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे ओळखले. उंदरावरील पिसवांच्या द्वारे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने कराचीस 1898 साली प्रयोगाने दाखविले. धान्याच्या पोत्यांनी उंदीर पोसले, उंदरांनी पिसवा पोसल्या, आणि त्याचे फळ गोदामाशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांना भोगावे लागले.

दुसरा प्रसंग 14 एप्रिल 1944 चा. व्हिक्टोरिया गोदीत लागलेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज म्हणजे एक तरते गोदामच होते. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि युद्धसामग्री होती, आणि त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गासड्या होत्या. कापूस एकटा असता तर आग लागली असती आणि ती विझविता आली असती. पण कापसास शेजार मिळाला तो दारूगोळ्याचा. दुपारी चार वाजून गेल्यावर जो स्फोट झाला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जो दुसरा झाला, त्यांनी गोदी आणि लगतची वस्ती उद्ध्वस्त केली. शेकडो लोक प्राणास मुकले. त्यांत अग्निशामक दलाचे 66 जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासूनचा आठवडा देशभर अग्निसुरक्षेचा म्हणून पाळला जातो. दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या असता सोसवतात, पण एकत्र आल्या म्हणजे घात करतात, हा ह्या प्रसंगाचा धडा होय.

भाड्याच्या वखारीतही हेच घडू शकते. लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे 31 डिसेंबर 2018 रोजी अशा एका वखारीस आग लागली. इमारतीत पाण्याचे आपोआप फवारे सोडणारी यंत्रणा नव्हती. एका रात्रीत हजाराहून अधिक खोल्या जळून गेल्या आणि पुष्कळ कुटुंबांचे जन्माचे संचित राख झाले. त्यांतील बहुतेकांच्या खोलीत धोक्याची एकही वस्तू नसेल. तरी त्यांचे काही वाचले नाही.

मग वखारीत काय ठेवू नये? पेट्रोल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस आणि फटाके हे तर उघडच आहे. पण टाकीत पेट्रोल असलेली दुचाकी हीदेखील पेट्रोलाची बाटलीच होय, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विजेच्या सायकली, भ्रमणध्वनी आणि यंत्रे ह्यांतील लिथियमच्या बॅटऱ्या बिघडल्या असता आतल्या आत तापत जातात, आणि विझल्यासारख्या वाटून पुन्हा पेटतात. लाकडास चोळण्याच्या जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर काडी न लावताही पेटू शकतात. कारण ते तेल वाळताना उष्णता उत्पन्न करते आणि ढिगातून ती बाहेर जाऊ शकत नाही. फोमच्या गाद्या पेटल्या म्हणजे त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. ज्वाळा पोचण्यापूर्वी धूरच माणसास लोळवितो.

विष केवळ आगीनेच येते असे नाही. धान्यात किंवा ढेकणांसाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक ठेवतात, त्यांना हवेतील ओलावा लागताच फॉस्फिन हा वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. एका घरातील गोळ्यांनी पलीकडच्या घरातील माणसे दगावल्याच्या घटना आपल्या शहरांत घडल्या आहेत. ह्या गोळ्या वापरणे हे त्या कामाचे शिक्षण घेतलेल्यांचेच काम आहे. धान्य, पापड, लोणची असे खाण्याचे जिन्नसच खोलीत ठेवले नाहीत, तर उंदीर येण्याचे मोठे कारण नाहीसे होते. शिवाय उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो, म्हणून पावसाळ्यात तळमजल्यावरील ओल्या खोलीत अनवाणी जाऊ नये.

लाक्षागृहातून पांडव जिवंत सुटले ह्याची कारणे दोन. घर कशाचे बांधले आहे ह्याची सूचना विदुराने आधी दिली होती, आणि बाहेर पडण्यास भुयार होते. वखार पाहावयास जाणाऱ्याने ह्याच दोन गोष्टी शोधाव्यात. भाडेकरूकडून सामानाची यादी घेतली जाते काय, आणि निषिद्ध वस्तूंचा नियम खरोखर पाळला जातो काय, हे विचारावे. बाहेर पडण्यास दोन वाटा आहेत काय, आणि त्या सामानाने अडलेल्या नाहीत ना, हे स्वतः चालून पाहावे. छतास फवारे असल्यास त्यांच्या खाली निदान 18 इंच जागा मोकळी राहिली पाहिजे. सामान छतास भिडविले तर पाणी आगीपर्यंत पोचतच नाही. खोलीत वीज घेऊन काही भारित करीत ठेवू नये. जड पेट्या खाली आणि हलक्या वर रचाव्यात. उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. आणि एकट्याने आत जाताना बाहेर कोणास तरी सांगून जावे.

ह्या खबरदाऱ्यांपैकी एकीसही मोठा खर्च नाही. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी अवस्था झाल्यावर त्यांचा काही उपयोग नाही. चाळीत राहणारा मनुष्य शेजाऱ्यास ओळखतो आणि म्हणून जपून वागतो. वखारीतील शेजारी मात्र कधी दृष्टीस पडत नाही. त्याच्या आजीची पेटीही पत्र्याच्या पलीकडे असते, हे ध्यानी धरून जो आपली खोली भरतो, त्याचीच पेटी सुरक्षित राहण्याचा अधिक संभव आहे.