पॅकेजच्या पडद्यामागे (भाग ६) : यादीतली पहिली ओळ

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे सोर्सपासून सॉफ्टवेअर बिल्ड करण्याच्या कृतींच्या संग्रहात, ‘मेक मेकप्लिस्ट’ अशी एक कमांड आहे. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना कोणकोणत्या फाइली कुठे गेल्या, याची यादी ती काढून देते. ही यादी मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, ‘पीकेजी-प्लिस्ट’ नावाच्या फाइलीत ठेवायची असते. पण तिची पहिलीच ओळ खोटी असते. दिसायला ती फाइलीच्या पत्त्यासारखी, शब्दांमध्ये तिरक्या रेघा असलेली. वाचली की अर्थ निघतो : मेकप्लिस्टने जे दिलं, ते तुम्ही तपासलंच पाहिजे. असा पत्ता कुठल्याच मशीनवर नसतो. सगळी यादी न वाचता उचलून चिकटवली, तर पॅकेज बनताना ही फाइल सापडत नाही आणि काम तिथेच अडतं. हा अडसर मुद्दाम घातलेला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

गेल्या भागात आपण सोर्सपासून प्रोग्रॅम बिल्ड केला. ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं की प्रोग्रॅम एका डिरेक्टरीत, लायब्ररी दुसरीकडे, मॅन्युअलची पानं तिसरीकडे जाऊन बसतात. काढायची वेळ आली की पॅकेज मॅनेजर अंदाज बांधत नाही. यादीत आहे ते पुसतो, नाही ते राहू देतो. सुटलेली फाइल मग वर्षानुवर्षं पडून राहते आणि एखाद्या दिवशी दुसऱ्याच पॅकेजच्या वाटेत येते.

पूर्वी फ्रीबीएसडीत पोर्ट थेट चालत्या सिस्टिममध्ये इन्स्टॉल व्हायचा आणि पॅकेज नंतर बनायचं. नवी फाइल कुठली आणि आधीपासूनची कुठली, हे ओळखणं तेव्हा जिकिरीचं होतं. २०१३ मध्ये स्टेजिंग आलं. आता फाइली आधी एका रिकाम्या, वेगळ्या डिरेक्टरीत उतरतात. तिथे जे दिसतं ते सगळं याच सॉफ्टवेअरचं, त्यामुळे ताळा घेणं सोपं झालं. ‘मेक चेक-प्लिस्ट’ हेच काम करते. डिरेक्टरीत आहे पण यादीत नाही, ती फाइल ‘अनाथ’. यादीत आहे पण डिरेक्टरीत नाही, ती ‘गायब’. डेबियन या लिनक्स वितरणात ‘डीएच-मिसिंग’ नावाचं साधन अशा बेवारस फाइली शोधतं आणि पॅकेज बनवण्याच्या साधनांच्या सुसंगततेच्या तेराव्या पातळीपासून, त्या सापडल्या की बिल्ड थांबवतं.

यादी मशीन काढून देतंच, तर दर बिल्डला नवी काढावी आणि मोकळं व्हावं, असं नवे मेंटेनर विचारतात. पायथनच्या पॅकेजांपुरतं ते मलाही पटतं. तिथे कंपाइल झालेल्या शेकडो फाइली पायथनच्या आवृत्तीनुसार नावं बदलतात, आणि फ्रीबीएसडीने त्यासाठी ‘ऑटोप्लिस्ट’ची सोय केलेली आहे. पण सरसकट हे केलं तर हातात काहीच उरत नाही. मशीनने काढलेली यादी काय घडलं ते सांगते. मेंटेनरने जपलेली यादी काय घडायला हवं होतं ते सांगते. मी पॅकेजची नवी आवृत्ती घेतो तेव्हा या दोहोंतला फरक आधी वाचतो.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. २०२१ च्या सप्टेंबरात त्याची ३.० आवृत्ती आली. १.१.१ मध्ये लायब्ररीच्या फाइलीच्या नावाशेवटी १.१ हा आकडा होता, तिथे आता ३ आला. यादीत पाहिलं तर त्या फाइलीपुरती एक ओळ गेली, एक आली, एवढंच. अर्थ मात्र असा की जुन्या नावाच्या लायब्ररीवर उभा असलेला एकेक प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करावा लागणार. यादीत आकड्याच्या जागी तारका, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ अशी खूण टाकलेली असती, तर हा बदल कुणाच्या नजरेलाही पडला नसता. म्हणून फेडोरा या लिनक्स वितरणाचे नियम लायब्ररीच्या त्या आकड्यावर अशी खूण टाकू देत नाहीत.

यादीत नुसते पत्तेच नसतात. फ्रीबीएसडीत एखाद्या ओळीच्या सुरुवातीला ‘@सॅम्पल’ लिहिलं, की ती फाइल कॉन्फिगरेशनचा नमुना ठरते. खरी फाइल आधीपासून नसेल तरच नमुन्याची प्रत तिथे ठेवली जाते. पॅकेज काढतानाही वापरकर्त्याने त्या प्रतीत काही बदललं असेल, तर तिला हात लावला जात नाही. एका शब्दाने कुणाची तरी मेहनत वाचते.

आणि यादी अचूक असूनही घात होऊ शकतो. डेबियनमध्ये तसं झालं. तिथे ‘/लिब’ ही स्वतंत्र डिरेक्टरी न ठेवता ‘/यूएसआर/लिब’कडे नेणारा दुवा करण्यात आला. घर एकच, पत्ते दोन. पण ‘डीपीकेजी’ हा तिथला पॅकेज मॅनेजर आपल्या याद्यांमधले पत्ते अक्षरशः वाचतो. हे दोन पत्ते एकच आहेत हे त्याला माहीत नव्हतं. आता एक फाइल जुन्या पॅकेजातून नव्या पॅकेजात गेली आणि त्याच वेळी तिचा पत्ताही ‘/लिब’वरून ‘/यूएसआर/लिब’ झाला असं धरा. नवं पॅकेज फाइल ठेवतं. मग जुन्या पॅकेजचं अपग्रेड होतं. त्याच्या नव्या यादीत तो जुना पत्ता नाही, म्हणून डीपीकेजी ‘/लिब’मधली फाइल पुसतो, आणि पुसली जाते ती नव्या पॅकेजने नुकतीच ठेवलेली. कुठे चूक दाखवली जात नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर.

२०२१ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने मेंटेनरांना फाइली ‘/लिब’सारख्या जागांवरून ‘/यूएसआर’खाली हलवू नका म्हणून सांगितलं. पुढे डेबियनचेच एक डेव्हलपर हेल्मुट ग्रोने यांनी एकेक प्रकारचा धोका तपासून तोडग्याचा आराखडा मांडला. २०२३ मध्ये डेबियन १२ बाहेर पडल्यावर बंदी उठू लागली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं तोवर पॅकेजांच्या याद्यांमधले पत्तेच ‘/यूएसआर’खाली नेलेले होते.

लायब्ररीच्या नावातला तो आकडा कोण ठरवतं आणि कधी बदलतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.