भर दुपारी डोंगराचा फोटो पांढरा का पडतो? कान्हेरीत शिका, शेतात वापरा

बोरिवली : गावाकडचा माणूस सकाळी मुंबईत उतरतो. पाहुण्यांकडे चहा-नाश्ता होतो, गप्पा होतात, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांपाशी पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. समोर जंगल, काळा कातळ, लांबवर इमारती. डोळ्यांना सगळं झकास दिसतं. फोटो काढला की मात्र आकाश पांढरंफटक, लेणी काळीकुट्ट आणि डोंगर फिका. मग 'मोबाईलचा कॅमेराच भंगार' म्हणून आपण मोकळे होतो.

दोष मोबाईलचा कमी आणि वेळेचा जास्त. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी फोटो काढा, असं सगळेच सांगतात. पण परतीची गाडी पकडायची असलेल्या माणसाला ती सोय नसते. शेतातही तेच. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, आणि पाऊस-वाऱ्याने आडवं झालेलं पीक संध्याकाळच्या मऊ उन्हाची वाट बघत नाही. म्हणून दुपारचाच फोटो बरा कसा काढायचा, ते बघू.

असं का होतं?

सूर्य डोक्यावर आला की सावली वस्तूच्या खाली दडते. डोंगराच्या घड्या, कातळावरचं कोरीवकाम, पिकाच्या ओळी या सगळ्याला उठाव येतो तो बाजूला पडलेल्या सावलीमुळे. ती सावलीच नाही म्हटल्यावर सगळं सपाट दिसतं.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. आपला डोळा ऊन आणि अंधार दोन्ही एका वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते तितकं जमत नाही. गुहेचा अंधार दाखवायला गेला की आकाश जळतं, आकाश सांभाळलं की गुहा काळी होते. तिसरं म्हणजे हवेतली धूळ आणि दमटपणा. भर उन्हात त्यावर उजेड पसरतो आणि लांबचा डोंगर पांढुरका होतो.

सावली बघा, घड्याळ नको

मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कोल्हापूरकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यातच येतो, उत्तरेला धुळ्याकडे मुंबईच्या नंतर. शिवाय तो क्षण ठीक बाराचा नसतो. मे महिन्यात मुंबईत तो साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो.

डिसेंबरात मात्र मुंबईत भर दुपारीही सूर्य सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे हिवाळ्यातली दुपार फोटोला मेच्या दुपारीपेक्षा कितीतरी बरी. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा जास्त असेल तर बिनधास्त काढा. सावली पायाशी गोळा झाली असेल तर पुढच्या युक्त्या वापरा.

दुपारच्या सहा युक्त्या

१. बोट उजळ भागावर ठेवा. स्क्रीनवर आकाशावर किंवा उन्हातल्या कातळावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये तिथे छोटा सूर्य दिसतो, तो सरकवून उजेड थोडा उतरवा. काळपट राहिलेला भाग नंतर उजळता येतो, पांढरा जळून गेलेला परत येत नाही. एचडीआर असेल तर चालू ठेवा आणि फोन क्षणभर न हलवता धरा.

२. ऊन आणि अंधार एकत्र घेऊ नका. लेण्याच्या आत गेलात तर आतलंच काढा, दार चौकटीत घेऊ नका. बाहेरचं जंगल काढायचं तर दाराशी उभं राहून काळ्या दगडाची कड चौकटीसारखी घ्या. ती काळीच राहू द्या, शोभून दिसते.

३. आकाश कमी करा. दुपारचं पांढरं आकाश फोटोला काही देत नाही. फोन जरा खाली झुकवा. लांबच्या डोंगरापेक्षा जवळचं झाड, दगडात कोरलेल्या पायऱ्या घ्या.

४. ढगाची वाट बघा. गोरेगावच्या चित्रनगरीत दुपारी शूटिंग असलं की नटाच्या डोक्यावर पांढरं कापड ताणतात आणि बाजूने थर्माकोलचा पांढरा पत्रा धरतात. डोंगरावर कापड कोण ताणणार? ते काम ढग करतो. सूर्यापुढून ढग सरकला की लगेच बटण दाबा. माणसं उभी करायची तर झाडाच्या सावलीत, पण कडेला करा. समोरच्या उन्हातल्या जमिनीचा उजेड तोंडावर येतो.

५. पांढरं-काळं ओळखा. मुलुंड-भांडुपकडची मिठागरं काढली की मीठ मळकट येतं, कारण सगळीकडे पांढरं दिसल्यावर फोन उजेड कमी करतो. तिथे उजेड किंचित वाढवा. कान्हेरीच्या काळ्या कातळावर उलट होतं, फोन उगाच उजळतो. तिथे उतरवा.

६. दुपारचं ते दुपारीच काढा. कान्हेरीत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. सकाळी आत अंधार असतो, सूर्य वर आला की उजेड सरळ आत उतरतो. गावच्या विहिरीचंही तसंच. झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर पानातून ऊन गाळून येतं आणि हिरवा रंग पेटून उठतो. हे फोटो संध्याकाळी मिळत नाहीत.

शेतातला फोटो

ई-पीक पाहणीचा किंवा नुकसानीचा फोटो दिसायला सुंदर नसला तरी चालेल, स्पष्ट हवा. बांधावरून उभ्याने काढलेल्या फोटोत दुपारी नुसता हिरवा पट्टा येतो. खाली बसून ओळीच्या दिशेने काढा म्हणजे पिकाची उंची कळते. एक फोटो लांबून सगळ्या शेताचा आणि एक जवळून पानाचा किंवा कणसाचा, असे दोन काढून ठेवा. आपली सावली पिकावर पडू देऊ नका. शेतात पाणी साचलं असेल तर चकाकीने सगळं पांढरं होतं. दोन पावलं बाजूला सरका, चकाकीही सरकते.

आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनवर घामाचे, तेलाचे डाग असतात. वरून ऊन पडलं की त्याचाच धूर फोटोवर दिसतो. टोपीची किंवा हाताची सावली लेन्सवर धरा. फोन उन्हात ठेवू नका, तापला की कॅमेरा बंद पडू शकतो.

कान्हेरीला जाणार असाल तर सोमवार टाळा, उद्यान बंद असतं. तोवर आजच दुपारी अंगणातून दोन फोटो काढून बघा. एक नेहमीसारखा, एक उजळ भागावर बोट ठेवून उजेड उतरवलेला. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, त्यामुळे लगेच डिलीट करू नका. घरात सावलीला बसून दोन्ही शेजारी ठेवून बघा, फरक आपोआप कळेल.